पंधरा मीटर आणि वर एक वीत

मोठ्या बाईंच्या खोलीत सात खुर्च्या होत्या. सहा जमिनीवर आणि सातवी टेबलावर. जमिनीवरच्या सहांपैकी एकीवर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दुसरीवर वर्गशिक्षिका, तिसरीवर समुपदेशक बाई आणि चौथीवर भिंगरीची आई. पाचवीवर आईची पर्स होती. सहावी रिकामी होती, कारण भिंगरीचे वडील पंप विकायला फिरतीवर गेले होते. टेबलावरच्या सातव्या खुर्चीला पाय तीन होते. चौथा पाय तिच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत होता आणि पिशवीवर चिठ्ठी होती : दुसरी ब, मंगळवार, तिसरा तास.

आई औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. नमुना, पिशवी, चिठ्ठी, तारीख या क्रमाबद्दल तिला एरवी आदरच वाटे. नमुना आपल्या घरचा निघाला की तो आदर जरा उतरतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

“ती वाईट मुलगी नाहीये,” मोठ्या बाई म्हणाल्या. शाळेत बोलण्याची सुरुवात अशी झाली की पालकाने टेबलाचा कोपरा घट्ट धरावा. आईने धरला.

“ती उठते आणि जाते,” वर्गशिक्षिका म्हणाल्या. “कुठे चाललीस विचारलं तर म्हणते, ‘येते.’ आणि येतेसुद्धा, तसं नाही. पण दोन आठवड्यांत तेवीस वेळा. मी फळ्याच्या कोपऱ्यात रेघा मारत होते. आता मला शिकवायला फळा उरला नाही.”

“आणि ही खुर्ची?” आईने विचारलं.

“तिने जाऊ नये म्हणून मी दारात ठेवली होती. ती गेली. खुर्चीही गेली. जिन्यावरून. खाली कोणी नव्हतं म्हणून आज आपण इतक्या शांतपणे बोलतोय.”

भिंगरीला भिंगरी हे नाव सोसायटीने दिलं होतं आणि घरानेही ते मुकाट्याने घेतलं होतं. सात वर्षांच्या त्या मुलीला मारायचं नसे, पाडायचं नसे, कोणाचं काही घ्यायचं नसे. तिला फक्त इथे नसायचं असे. मधे जे येई ते वाटेत आलं म्हणून बाजूला होई, इतकंच.

समुपदेशक बाई पाच शाळांना मिळून एक होत्या आणि या शाळेच्या वाट्याला मंगळवारी येत. त्यामुळे मुलांच्या मनातलं बाकी आठवडाभराचं मंगळवारपर्यंत थांबून राहावं अशी व्यवस्था होती. त्यांचा आवाज फार मऊ होता. “आपण तिला खोडकर म्हणायचं नाही. हे वर्तन आहे. आणि वर्तन म्हणजे एक निरोप असतो.”

“निरोप काय आहे?” आईने मनापासून विचारलं.

“तेच तर आपल्याला शोधायचंय.”

मग अट ठरली. सत्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांत भिंगरीचं परवानगीशिवाय बाहेर जाणं दहाच्या आत आलं पाहिजे. नाही आलं, तर तिला मानवेल अशी दुसरी शाळा बघावी. हे ‘मानवेल अशी’ मोठ्या बाईंनी फार प्रेमाने म्हटलं. भिंगरीची ही तिसरी शाळा होती. आधीच्या दोघींनीही तिला मानवेल अशी दुसरी शाळा बघायला प्रेमानेच सांगितलं होतं. चौथी शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती, आणि तिथली बस यायच्या वेळी आईच्या कारखान्यातली पहिली पाळी सुरू होऊन तास झालेला असे.

“तोवर वर्गात तिच्या शेजारी एक मोठं माणूस हवं,” समुपदेशक बाई म्हणाल्या. “ती उठली की तिच्याबरोबर उठायचं, तिला परत आणायचं. आम्ही त्याला सावली म्हणतो.”

“शाळा देते का?”

“शाळा परवानगी देते.”

सावली शोधायची म्हटल्यावर सल्ले आले. समोरच्या काकू म्हणाल्या, “पोहायला घाला हो. दमली की बसेल गुपचूप.” पोहायला घालून झालं होतं. भिंगरी तलावाच्या एका काठाने आत उतरली, दुसऱ्या काठाने बाहेर पडली आणि पोहण्याच्या कपड्यांत भाजीबाजारात सापडली. वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात थांबवून म्हणाले, “आमच्या वेळी हे समुपदेशन वगैरे नव्हतं. एक कानाखाली दिली की घरात शांतता.” त्यांच्या घरात खरोखरच कमालीची शांतता होती. मुलगा गेली कित्येक वर्षं फोनसुद्धा करत नसे. भिंगरीचे वडील फिरतीवरून म्हणाले, “बघू, निघेल काहीतरी मार्ग.” पंप विकताना हे वाक्य चालत असावं.

शेवटी शिक्षिकेचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केलेली एक हसतमुख मुलगी सावली म्हणून मिळाली. पहिला दिवस तिने काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून तिची एक चप्पल घरी आली. ती स्वतः आली नाही.

त्या संध्याकाळी चपलेकडे बघत सगळे बसले असताना आप्पा म्हणाले, “मी बसतो.”

आप्पा म्हणजे आईचे सासरे. “कुठे बसता, आप्पा?”

“वर्गात. दुसरीच ना? मी एकदा पास झालोय.”

आप्पांनी चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली होती. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनींवरून चालणं, हा त्यांचा हुद्दा. खात्यात त्यांना खुर्ची होती असं म्हणत. ती वापरात नसल्यामुळे तिच्यावर नकाशे ठेवत. घरात त्यांनी एका बैठकीत जेवण पुरं केलेलं आईने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. दोन घास झाले की पाण्यासाठी, मग फाटकाची कडी बघायला, मग कडी लागली आहे हे सांगायला ते उठत. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा डॉक्टरांनी सहा आठवडे झोपून राहायला सांगितलं होतं, आणि दहाव्या दिवशी ते दवाखान्याच्या फाटकावर सापडले होते. भिंगरीच्या पायाला भिंगरी कुठून आली याची घरात कधी चर्चा झाली नव्हती, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

पण दुसरं कोणी नव्हतं.

सावली व्हायला कागद लागतात. शाळेच्या कारकुनाकडे अर्ज होता, पण त्यावर ‘श्रीमती’ छापलेलं होतं. ते खोडायला वरून मंजुरी हवी म्हणून दोन दिवस गेले. आरोग्याचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “कशासाठी हवाय?” आप्पा म्हणाले, “दुसरीत बसायचंय.” डॉक्टरांनी रक्तदाब पुन्हा एकदा मोजला. चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलीस चौकीत जावं लागलं.

“तुमच्याविरुद्ध कधी तक्रार वगैरे?” हवालदाराने सवयीने विचारलं.

“चौतीस वर्षं जमिनी मोजल्या,” आप्पा म्हणाले. “दर मोजणीला दोन शेजारी. त्यातला एक तक्रार करायचाच.”

हवालदाराने पेन खाली ठेवलं. “म्हणजे एकूण किती?”

“त्या मोजल्या नाहीत.”

दाखल्यावर ‘चारित्र्य सर्वसाधारण’ असं लिहून आलं. मग ओळखपत्र. शाळेत ओळखपत्राचा साचा एकच होता, विद्यार्थ्यांचा. त्यामुळे आप्पांच्या गळ्यात जे आलं त्यावर त्यांचा फोटो, खाली ‘इयत्ता : दुसरी ब’, आणि सर्वांत खाली ‘पालकाची सही’. आईने सासऱ्यांसाठी पालक म्हणून सही केली. असं करताना डोक्यावरून पदर घ्यावा की काय, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. पण ती सलवार-कमीजमध्ये होती.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून भिंगरीच्या डायरीत शेरे येऊ लागले आणि आईने सवयीप्रमाणे ते उघडले.

‘आजोबा वर्गात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतात. इतर मुलांना संधी मिळत नाही. कृपया समज द्यावी.’

‘आजोबांचा फोन तिसऱ्या तासाला वाजला. त्यांनी तो उचलला. पलीकडच्या माणसाची जमीन कुठे आहे हे आता सर्व वर्गाला माहीत आहे.’

‘आजोबा सुट्टीच्या आधीच डबा उघडतात. त्यांच्यामुळे मागची रांग बिघडत आहे.’

“आप्पा,” आई म्हणाली, “आज काय झालं शाळेत?”

“कुठं काय.”

टेबलाखालून भिंगरीचा आवाज आला, “कुठं काय.” भिंगरी टेबलाखाली बसून जेवत असे, वर बसून न जेवण्यापेक्षा ते बरं, असं समुपदेशक बाईंचंच मत होतं. आतापर्यंत घरात हे उत्तर देणारं एकच माणूस होतं. आता दोन झाली.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. भिंगरी उठली की सावलीने उठायचं, हा नियम आप्पांना इतका पटला की तेवढा एकच त्यांनी मनापासून पाळला. ती उठली की ते उठत. मग मैदानाला एक फेरी होई, पाण्याच्या टाकीपाशी विश्रांती होई, आणि दोघं प्रसन्न चेहऱ्याने परत येत. पुढे पुढे कोण आधी उठतं हे सांगता येईना. आठवडाभराने तर आप्पा एकटेच उठू लागले, आणि ‘येतो’ म्हणून जाऊ लागले.

“यांचं बाहेर जाणं धरायचं की नाही?” वर्गशिक्षिकांनी विचारलं.

समुपदेशक बाईंनी आपला तक्ता पाहिला. त्यात रकाना एकच होता. त्यांनी पट्टी घेऊन शेजारी दुसरा आखला. आई त्या वेळी त्याच खोलीत, त्याच चौथ्या खुर्चीवर होती. सातवी खुर्ची अजून टेबलावरच होती. आपल्या सासऱ्यांसाठी रकाना आखला जाताना बघणं, हा प्रसंग किती सुनांच्या वाट्याला आला असेल याचा तिने मनाशी हिशोब करून पाहिला. आकडा लहान होता.

आता नुसतं फिरण्यात आप्पांचं मन किती दिवस रमणार? हाताला नाही तरी पायाला काम हवं. शाळेच्या फाटकावर पाटी होती आणि पाटीवर संस्थेच्या स्थापनेच्या सालाखाली अभिमानाने लिहिलं होतं : जागेची लांबी, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, ऐंशी मीटर. मोजणी खात्यातल्या माणसासमोर असा आकडा उघडा ठेवणं म्हणजे मांजरासमोर दुधाचं भांडं ठेवण्यासारखं आहे. आप्पांनी फाटकाला पाठ लावली आणि चालायला सुरुवात केली. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं. खात्यात ते प्रसिद्ध होतं. जमीन मोजायची साखळी हरवली की साहेब आप्पांना चालवत असत. ऐंशी मीटर म्हणजे एकशे पाच पावलं व्हायला हवीत.

एकशे पंचवीस झाली.

आप्पांनी पुन्हा मोजलं. एकशे पंचवीस. मोजणीत तिसरी फेरी निर्णायक धरतात. तिसऱ्या फेरीतही एकशे पंचवीस. म्हणजे शाळेच्या ताब्यात कागदापेक्षा पंधरा मीटर आणि वर एक वीत जागा जास्त होती. मागच्या भिंतीपलीकडे लाकडाची वखार होती. वखारीचे मालक सज्जन होते, शाळेला नवे चाळीस बाक फुकट करून देणार होते, आणि शाळेने त्यांची पंधरा मीटर जागा दाबली होती.

दुसरा कोणी असता तर नात त्या शाळेत आहे, तिचं भवितव्य टांगलेलं आहे, हे आठवून गप्प बसला असता. आप्पा मधल्या सुट्टीत वखारीत गेले आणि चहा पिता पिता त्यांनी ही गोष्ट मालकांच्या कानावर घातली. “मोजणीदाराने दोन्ही शेजाऱ्यांना सांगावं लागतं,” ते रात्री आईला म्हणाले. “नियम आहे.”

“आप्पा, तुम्ही निवृत्त आहात.”

“नियम आहे तो. तो कुठं निवृत्त होतो?”

दुसऱ्या दिवशी वखारवाले दोरी घेऊन आले. मागच्या भिंतीपासून पंधरा मीटर आणि एक वीत आत दोरी ताणली गेली. तिच्या पलीकडे पाण्याची टाकी गेली, स्वच्छतागृह गेलं. मोठ्या बाईंच्या खोलीच्या एका खिडकीतून दोरी आत शिरली आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडली. बाईंची खुर्ची शाळेत राहिली. टेबल, आणि टेबलावरची तीन पायांची खुर्ची, वखारीच्या हद्दीत गेली. चाळीस बाक अर्थातच थांबले.

संस्थेचे सचिव आले. शाळेच्या खेळाच्या शिक्षकांकडे मोजायची फीत होती, पण ती वखारवाल्यांना मान्य नव्हती. वखारवाल्यांची फीत सचिवांना मान्य नव्हती. सरकारी मोजणीला अर्ज केला तर तारीख पाच महिन्यांनंतरची मिळत होती. तोवर दोरी राहणार. मोठ्या बाईंना दिवसातून कितीतरी वेळा वाकून तिच्याखालून जावं लागे.

सचिवांनी आईला बोलावून घेतलं. “तुमच्या सासऱ्यांना मोजायला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.”

“मग का मोजलं?”

“ते वर्तन आहे,” आई म्हणाली.

“सोमवारपासून सावली बंद,” सचिव म्हणाले. “आणि सावली नाही तर मुलगी वर्गात नाही. हे मी म्हणत नाही, तुमच्या कागदावरच आहे. बघा मग, तिला मानवेल अशी—”

“कळलं,” आई म्हणाली.

त्या रात्री तिला झोप लागली असं म्हणता येणार नाही. सकाळी ती प्रयोगशाळेत पोचली आणि रोजच्याप्रमाणे पहिलं काम केलं : काट्यावर प्रमाण वजन ठेवून काटा तपासला. काटा कितीही चांगला असो, कितीही महाग असो, रोज सकाळी तो तपासल्याशिवाय त्यावर काही तोलायचं नाही, असा तिथला दंडक होता. काल बरोबर होता म्हणून आज बरोबर असेल असं नसतं. आणि तीनदा तोलून तीनदा तेच आलं, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. चुकीचा काटा तीनदा सारखाच चुकतो.

ती वजन हातात धरून जरा वेळ तशीच उभी राहिली.

रात्री जेवताना तिने विषय काढला. “आप्पा, तुमचं पाऊल अडीच फुटांचं आहे हे कोणी तपासलं होतं?”

“कोणी म्हणजे? खात्याने. साखळी टाकून, दोन साहेबांसमोर.”

“कधी?”

“नोकरीला लागलो तेव्हा.”

“त्यानंतर?”

आप्पांचा हात ताटावर थांबला. ते उठले नाहीत, पाणी आणायला गेले नाहीत, फाटकाची कडीही त्यांनी बघितली नाही. तसेच बसून राहिले. “सूनबाई,” ते सावकाश म्हणाले, “माझ्या पावलावर या तालुक्यातले निम्मे बांध उभे आहेत.”

“हो, आप्पा. गुडघ्याच्या आधी.”

त्यांनी हात धुतले आणि ते खोलीत गेले. टेबलाखाली अगदी शांत होतं. आईला ते खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं.

शुक्रवारी आईने अर्धी रजा टाकली. सचिवांना हात जोडायचे, दुसरं काय. ती जिना चढून वर आली तर ‘दुसरी ब’चा वर्ग रिकामा होता, आणि सगळी मुलं व्हरांड्यात दोन्ही भिंतींना पाठी लावून उभी होती. मधोमध आप्पा एक पाय पुढे टाकून पुतळ्यासारखे थांबले होते. त्यांच्या पायाशी गुडघे टेकून, हातात खडू आणि पट्टी घेऊन, भिंगरी.

“हलू नका.”

“अगं, तो गुडघा—”

“हलू नका म्हटलं ना. खुणा पुसतात. आता डावा उचला. माझ्याकडे बघू नका, समोर बघा. रोज चालता तसं चाला.”

“रोज मला कोणी असं ओरडत नाही.”

“मला ओरडतात,” भिंगरी म्हणाली आणि खडूने रेघ मारली.

वर्गशिक्षिका आईच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “सकाळपासून हेच चाललंय,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हटलं, नाहीतरी आज लांबीचाच धडा होता.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “ती आज उठलीच नाहीये. म्हणजे, बसलेलीही नाही. तुम्हाला कळतंय ना?”

आईला कळत होतं. भिंगरीच्या पट्टीचं टोक तुटलेलं होतं, शून्याची खूणच नव्हती. भिंगरी एकपासून मोजत होती आणि दर वेळी एक वजा करत होती. हे तिला कोणी शिकवलं होतं, आईला माहीत नव्हतं. आईने शिकवलेलं नव्हतं.

दहा पावलं झाली. बेरीज वर्गाने मिळून केली, मोठमोठ्याने. भागाकार बाईंनी फरशीवर केला. एका पावलाला चौसष्ट सेंटिमीटर.

आप्पा भिंतीला धरून वाकले आणि तो आकडा त्यांनी जवळून पाहिला. अडीच फूट म्हणजे शहात्तर. त्यांनी भिंगरीच्या हातातला खडू घेतला. चौसष्ट गुणिले एकशे पंचवीस. उत्तर आलं आठ हजार. खाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘लांबी ८०.०० मीटर. आधीची मोजणी रद्द.’ आणि सवयीने तारीख टाकून फरशीवर सही केली. मग जिना उतरून ते वखारीकडे गेले. त्यांच्यामागून भिंगरी गेली, आणि वर्गशिक्षिकांनी ते बाहेर जाणं परवानगीने झालं असं सर्वांसमक्ष जाहीर केलं.

वखारवाल्यांनी दोरी गुंडाळली. “काय आजोबा,” ते म्हणाले, “पंधरा मीटर देऊन परत घेतलेत तुम्ही.” पण माणूस सज्जन होता. बाक देतो म्हणाले. जाताना टेबलावरची तीन पायांची खुर्चीही पायाच्या पिशवीसकट घेऊन गेले. ती चार दिवस आपल्या हद्दीत होती, तेव्हा तिची दुरुस्ती आपल्याकडे लागते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सचिवांनी सावलीची परवानगी रद्द केली नाही. रद्द करायची तर कारण लिहावं लागणार होतं, आणि कारण लिहिलं तर पंधरा मीटर कायमचे कागदावर येणार होते.

घरी परतताना आप्पा आपल्याच पावलांकडे बघत चालत होते. भिंगरी पुढे कोपऱ्यापर्यंत पळाली, थांबली, मागे पाहिलं आणि परत आली.

“बारा सेंटिमीटर कुठे गेले, सूनबाई?”

“गुडघ्यात गेले असतील, आप्पा.”

“मला वाटायचं,” आप्पा म्हणाले, “रस्तेच लांब झालेत.”

आईने आपलं पाऊल थोडं आखडलं. ते त्यांना कळणार नाही अशा बेताने.

मग ते शेवटचे दोन आठवडे आले. भिंगरीला आता एक काम मिळालं होतं : आजोबांवर लक्ष ठेवणं. त्यांचं पाऊल लहान आहे, ते पडतील, त्यांना एकटं सोडायचं नाही, असा तिने नियम केला. आप्पा मात्र आप्पाच होते. शहात्तरचे चौसष्ट झाले तरी पाय थांबायला तयार नव्हते. ते ‘येतो’ म्हणून उठत, आणि दोन मिनिटांत भिंगरी त्यांना बोटाला धरून परत आणी. बाहेर जायचं म्हणून बाहेर जाणं तिचं जवळपास थांबलं होतं. पण तक्त्यात ‘कारण’ असा रकाना नव्हता. “गेली म्हणजे गेली,” मोठ्या बाई म्हणाल्या. दोरीखालून वाकून वाकून त्यांची कंबर धरली होती आणि उदार व्हायच्या मनःस्थितीत त्या नव्हत्या.

शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी आकडा नऊ होता. दहाच्या आत म्हणजे नऊ. शुक्रवार अजून उरला होता.

“मी उद्या घरीच राहतो,” आप्पा म्हणाले.

“सावली नसेल तर तिला वर्गात घेत नाहीत, आप्पा.”

“मग?”

“मग तुम्ही उठायचं नाही. तुम्ही उठलात की ती उठते. ती उठली की मोजतात.”

आप्पांनी विचार केला. त्यांच्याकडे सबंध आयुष्यात कोणी काही मागितलं असेल तर ते कुठेतरी जाणं. न जाणं कोणी मागितलं नव्हतं. “सबंध दिवस?”

“सबंध दिवस.”

“मी धरून ठेवीन त्यांना,” टेबलाखालून आवाज आला.

शुक्रवारी आईने प्रयोगशाळेत काटा दोनदा तपासला. दुपारी फोन वाजला, तो पंपवाल्यांचा होता. “काय झालं?” भिंगरीचे वडील म्हणाले. तिने “बघू” म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी दोघं घरी आले तेव्हा आप्पांच्या दोन्ही तळहातांवर बाकाच्या कडेचे लाल वळ होते आणि त्यांच्या मनगटावर भिंगरीच्या बोटांचे. आईने विचारलं, काय झालं. दोघं एकदम म्हणाले, “कुठं काय.” आप्पा जेवायला बसले आणि ताट पुरं होईपर्यंत उठले नाहीत. मग उठले ते थेट झोपायला.

समुपदेशक बाई मंगळवारी येत असल्यामुळे निकाल मंगळवारी होता. मोठ्या बाईंच्या खोलीत सात खुर्च्या होत्या, सातही जमिनीवर. वखारीतून आलेल्या खुर्चीला चार पाय होते, आणि नवा बसवलेला पाय बाकीच्या तिघांपेक्षा किंचित आखूड होता. ती आईच्या वाट्याला आली. ती डुगडुगली. आईने टेबलाचा कोपरा धरला. सहाव्या खुर्चीवर आज आप्पा होते. भिंगरी त्या खुर्चीच्या मागे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

समुपदेशक बाईंनी तक्ता उघडला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

“परवानगीशिवाय वर्गाबाहेर, दोन आठवडे. विद्यार्थिनी, नऊ. सावली, एकतीस. त्यापैकी शेवटचा दिवस : विद्यार्थिनी, शून्य. सावली, शून्य.”